चौथ्या ओळीतली पिवळी पकड

गल्लीत यंदाचा पहिला कूलर लागला तो समोरच्या घरी. त्यांनी तो माळ्यावरून उतरवला, टाकीत साचलेला वर्षभराचा गाळ खरवडून नालीत सोडला, जुन्या ताट्या काढून नवा वाळा भरला आणि दुपारी बटण दाबलं. आधी पंख्याची पाती पत्र्याला घासल्याचा आवाज, मग मोटरची गुरगुर आणि मग तो वास. ओल्या गवताचा आणि तापलेल्या लोखंडाचा एकत्र वास. आमच्याकडे उन्हाळा या वासानं सुरू होतो. लोकांना त्यानं आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं, गच्चीवरची अंथरुणं आठवतात. मला आठ वर्षांपासून त्या वासानं एक मंगळवार आठवतो. दर वर्षी वाटतं, या वेळी नाही आठवणार. तरी आठवतो, आणि दर वर्षी मी नव्यानं दचकतो.

नागपूरची मे महिन्यातली दुपार बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. एक वाजला की खिडक्या बंद, पडदे ओले, रस्ते रिकामे. सीताबर्डीसारख्या गजबजलेल्या बाजारातसुद्धा दुकानदार गल्ल्यामागे डोकं टेकवून डुलक्या घेतात. घरात कूलर एवढा मोठ्यानं घोंगावत असतो की शेजारच्या खोलीत भांड्यांची मांडणी कोसळली तरी कळू नये. चार वाजेपर्यंत सगळं शहर पालथं पडलेलं असतं. त्या तीन तासांत जागा असलेला माणूस अगदी एकटा असतो. त्याला कोणी पाहत नाही, कोणी ऐकत नाही. मी त्या तीन तासांचा फायदा घेतला. हे मी आठ वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं. यंदा सांगितलं, आणि आता लिहूनही ठेवतो आहे.

आधी भिंतीबद्दल.

माझी सून मीनल एका शाळेत विज्ञान शिकवते. आठ वर्षांपूर्वी परीक्षा संपल्यावर ती शाळेच्या मुलांना घेऊन कुठल्याशा साहसी शिबिराला गेली होती. परत आली ती दहाही बोटं सोललेली आणि डोळे लकलकणारे. आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आत मला म्हणाली, "बाबा, मले एक भिंत पाहिजे."

"भिंत? चार आहेत ना तुझ्या खोलीले."

"तशी नाही. चढायची."

माझा मुलगा प्रशांत सदर भागातल्या ऑफिसातून नुकताच आला होता. तो सोफ्यावरून म्हणाला, "लोकं भिंतीले रंग देतात, माझी बायको भिंतीवर चढून राहिली. पाल होणार आहे का वं तू?"

"पाल तर पाल," मीनल म्हणाली. "तू खाली उभा राहून टाळ्या वाजवजो."

ती कुही तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी. धानाच्या बांध्यांवरून पळत मोठी झालेली, लग्नानंतर मात्र शाळा, डबे, वह्या तपासणं आणि आमचं घर यांत गुंतलेली. तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला त्याआधी आठवत नाही. म्हणूनच की काय, मी लगेच हो म्हणालो. घराची मागची खोली जुन्या पद्धतीची, उंच छताची होती. तिथे धान्याच्या कोठ्या आणि मोडक्या खुर्च्या पडून असायच्या. ती आम्ही रिकामी केली.

आम्ही दोघंही या कामात अगदी नवखे. मीनल रात्री मोबाइलवर बघायची आणि दुसऱ्या दिवशी आलेखाच्या वहीत आकृत्या काढायची. सागाच्या चौकटी, त्यावर जाड प्लायचे तक्ते, तक्त्यांना वीत-वीत अंतरावर भोकं. भिंत सरळ नको, माथ्याकडे किंचित पुढे झुकलेली हवी. पहिली चौकट आम्ही उलटी झुकवून बसवली होती. दोघंही कमरेवर हात ठेवून पंधरा मिनिटं तिच्याकडे पाहत उभे राहिलो, मग मीनल हसत खालीच बसली. "बाबा, हे तर उतरायची भिंत झाली!" भोकं पाडायचं काम माझं. लाकडाचा भुसा घामावर चिकटायचा, आणि अकरा वर्षांची माझी नात ओवी म्हणायची, "आबा, तुम्ही बेसनाच्या लाडवासारखे दिसता."

मग खोकं आलं. त्यात रंगीबेरंगी पकडी होत्या. पकड म्हणजे मुठीएवढा, दगडासारखा खरखरीत तुकडा. कोणी बटाट्यासारखा, कोणी कानासारखा, कोणी अर्ध्या सीताफळासारखा. प्रत्येकाच्या मधोमध एक भोक, त्यातून एकच बोल्ट जायचा. प्लायच्या मागच्या बाजूनं नट ठोकून बसवलेले असतात, त्यात तो बोल्ट किल्लीनं कसायचा. घरात आम्ही त्यालाही नटच म्हणायचो. कसलेला असला तर एवढासा तुकडा माणसाचं सगळं वजन पेलतो. सैल असला तर हात पडताच गरकन फिरतो. सगळं शास्त्र एवढंच.

मीनलला ते एवढंसं शास्त्र पक्कं माहीत होतं. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी ती किल्ली घेऊन खालच्या ओळीपासून सुरू करायची आणि एकेक बोल्ट कसून बघायची. कसला की त्या पकडीखाली खडूनं बरोबरची खूण करायची, वहीत करते तशीच. मी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचो. खाली जुन्या गाद्या नव्यानं पिंजून पसरल्या होत्या. संध्याकाळी मायलेकी चढायच्या. मीनल पहिल्यांदा अगदी वर पोचली तेव्हा तिनं छताला हात लावला आणि तशीच लटकून राहिली. खाली उतरून गादीवर बसली. मग म्हणाली, "मले वाटलं होतं माझं वय गेलं."

ते वाक्य माझंही होतं. मी वीजखात्यात लाइनमन होतो. तीस वर्षं खांबांवर चढलो. उन्हात, पावसात, वादळानंतरच्या चिखलात. माझ्या हाताखालच्या पोरांना मी एकच गोष्ट पढवायचो: ज्यानं नट सोडला त्यानंच तो कसायचा, आणि तो कसल्याशिवाय खाली उतरायचं नाही. खाली डबा आलेला असो की साहेब. ही शिस्त मोडल्यामुळे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

निवृत्त झाल्यावर मात्र मी जमिनीवरचा माणूस झालो. भिंतीच्या दोन वर्षं आधी पंख्याला तेल द्यायला म्हणून स्टुलावर चढलो आणि भोवळ येऊन पडलो. डोक्याला टाके पडले. प्रशांत इतका घाबरला की त्यानं ओवीला हाक मारली, तिला माझ्यासमोर उभं केलं आणि माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "घ्या शपथ. म्हणा, आजपासून मी कशावरच चढणार नाही."

मी घेतली. ओवी तेव्हा नऊ वर्षांची. हात डोक्यावर असतानाच खिदळत म्हणाली, "आबा, पलंगावर तर चढाल ना?"

आमच्या घरात देवधर्म फारसा नाही. पण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ आमच्याकडे कोणी मोडत नाही. मी पाहिलेल्या सगळ्या आयुष्यात कोणी मोडली नव्हती.

मी मोडली. भर दुपारी, कूलरच्या घोंगाटात, बनियन आणि अर्ध्या चड्डीवर. पहिल्या दिवशी नुसता हात लावून बघायला गेलो होतो. एक पाय ठेवला, मग दुसरा. आणि मला धक्काच बसला, कारण माझे हात काही विसरले नव्हते. वजन कुठल्या पायावर टाकायचं, कंबर भिंतीला कशी चिकटवायची, श्वास कुठे धरायचा, सगळं अंगात जसंच्या तसं होतं. अडुसष्टाव्या वर्षी मी जमिनीपासून पाच फुटांवर लटकत होतो आणि तोंड दाबून हसत होतो.

अडचण एकच होती. उजव्या खांद्यामुळे माझा तो हात कानाच्या वर जात नाही. चौथ्या ओळीतल्या पिवळ्या पकडीला माझा हात जेमतेम चाटून जायचा. म्हणून मी किल्लीनं तिचा बोल्ट सोडायचो, ती एक भोक खाली लावायचो, चढायचो, आणि साडेतीनच्या सुमारास पुन्हा तिच्या जागी नेऊन घट्ट कसायचो. खडूची खूण तिथे तशीच असायची. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. असे मी दहा-अकरा दिवस काढले. माझ्या म्हातारपणातले ते सर्वांत आनंदाचे दिवस होते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

त्या मंगळवारी लाइट गेली.

मी पिवळी पकड हातात घेऊन गादीवर उभा होतो, ती पुन्हा वर लावायच्या बेतात. एकाएकी कूलर थांबला. त्या घोंगाटाची एवढी सवय झालेली असते की तो थांबला की शांततेनं कान दुखतात. लगेच आतून प्रशांतच्या खोलीतून मीनलचा आवाज आला, "गेली वाटते लाइट." मग तिच्या चपलांचा आवाज. तीस वर्षं ज्यानं लोकांची गेलेली लाइट परत आणली, तो मी एका गेलेल्या लाइटनं पकडला जाणार होतो. मी पकड तिच्या जागी टेकवली, बोल्ट बोटांनी दोन-तीन आटे फिरवला, किल्ली तिच्या डब्यात टाकली आणि माझ्या खोलीत जाऊन पलंगावर पालथा पडलो. नंतर कसतो, असं मनात म्हटलं.

अर्ध्या तासानं लाइट आली. कूलर सुरू झाला. आणि मला झोप लागली.

या एका गोष्टीवर माझा अजून विश्वास बसत नाही. मी गाढ झोपलो. पाचला उठलो, चहा घेतला, फाटकापाशी उभा राहून शेजाऱ्याला लाइट कुठल्या कारणानं गेली असेल ते अधिकारवाणीनं समजावून सांगितलं. आत आलो, मागच्या खोलीत खुर्चीवर बसलो. सहा-साडेसहाची वेळ. समोर ओवी चढत होती आणि बडबडत होती, "आबा, बघा हं, आज एका दमात." तिनं डावा हात तिसऱ्या ओळीतल्या निळ्या पकडीवर ठेवला, उजवा पिवळ्या पकडीकडे नेला.

तेव्हा मला आठवलं.

तिचा हात आणि ती पकड यांच्यात वीतभर अंतर होतं. मी "थांब" म्हणू शकलो असतो. एक शब्द. माझं तोंड उघडलंही होतं. तो शब्द का आला नाही, हे मी आठ वर्षं स्वतःला विचारतो आहे. घाबरलो म्हणून आला नाही, की "थांब" म्हटलं तर का थांब ते सांगावं लागेल म्हणून आला नाही, हे मला ठरवता येत नाही. जितका विचार करतो तितकं दुसरं उत्तर खरं वाटतं.

पकड गरकन फिरली. ओवी कडेला पडली, अंग गादीवर आणि हात फरशीवर. तो आवाज लहान होता. काडी मोडल्यासारखा. मीनल कणकेच्या हातानं धावत आली.

दवाखान्यात प्रशांत हेल्मेट हातातच घेऊन पोचला. ओवीला आत नेलं होतं, कोपराच्या हाडाचं ऑपरेशन करावं लागणार होतं. त्यानं मीनलकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "झाली हौस? एक नट धड कसता येत नाही, अन् लेकराले भिंतीवर चढवते."

मीनल भिंतीला टेकून उभी होती. तिच्या कुडत्याला कणीक वाळून चिकटली होती. ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही तर तिथंच बसले होते ना रविवारी. मी कसला होता ना तो पिवळा? खूण केली होती मी. तुम्ही पाहिलं होतं ना?"

मी पाहिलं होतं. किल्लीवर जोर देताना तिचे ओठ आवळले गेलेले मला दिसत होते, आत्ताही दिसतात. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं वं. पेपर वाचत होतो."

तिनं मान हलवली. मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मंग नुसतीच खूण केली असन मी."

खोटं बोलायला एवढंच लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, मोठं खोटं बोलायला मोठी छाती लागत असेल. चार शब्द, तेही हळू आवाजात, आणि एका शहाण्या बाईचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तिचे वडील, माझे व्याही, आले. तिच्या माहेरी त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. धोतर, पांढरी टोपी, हातात तांदळाची पिशवी. नातीला बघून आले आणि बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसले. मग उठले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "इवाई, आमच्या पोरीचं चुकलं. लहानपणापासूनच जरा धांदरट आहे ते. तुमच्या घराले त्रास झाला. सांभाळून घ्या."

मीनल अजिबात धांदरट नव्हती, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसेल. पण मुलीकडचा माणूस म्हणून त्यांनी आपल्या मुलीला माझ्यासमोर खोटं नाव ठेवलं, तिला घरात पुढे जड जाऊ नये म्हणून. आणि मी काय केलं? मी त्यांचे हात धरून खाली केले आणि म्हणालो, "होते चूक, भाऊ. चालायचंच." मी माफ केलं. मी त्यांना माफ केलं!

प्रशांतनं त्याच आठवड्यात भिंत उतरवली. तक्ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. ओवीचं कोपर जुळलं, पण हात पूर्ण सरळ होत नाही. शेवटचा थोडासा वाक राहून गेला आहे. पोरीनं त्याची कधी तक्रार केली नाही. मी मात्र ती कोणाला हात पुढे करून काही देताना दिसली की दुसरीकडे बघायचो.

मी का बोललो नाही, याची कारणं मी स्वतःला वर्षानुवर्षं पुरवली. शपथ मोडली म्हणूनच ती पडली, असं सगळे म्हणतील. प्रशांत तोंड बघणार नाही. आता बोलून पोरीचं कोपर थोडंच सरळ होणार. मीनलही तर विसरली असेल. ती कुठे काही बोलते? हे शेवटचं कारण मला सर्वांत जास्त आवडायचं.

ओवी आता एकोणीस वर्षांची आहे, पुण्याला आर्किटेक्चर शिकते. गेल्या आठवड्यात सुट्टीत घरी आली. सकाळी आम्ही स्वयंपाकघरात होतो, मीनल चहा गाळत होती. ओवी ओट्यावर बसून म्हणाली, "आई, सांगू? मी तिकडे चढायला लागली आहे. सहा महिने झाले. हात वाकडा असला तरी चालते. आपण ती भिंत परत लावू ना. तू अन् मी."

मीनलनं वर पाहिलं नाही. "लाव तू. बाबा देतील तक्ते काढून. मी नाही हात लावणार."

"काहून?"

"माझ्या हातचा नट नको तुले. एकदा झालं तेवढं पुरे."

"अगं आई, असते एखादी चूक."

"एखादी कशी? मी कसला की नाही तेच मले आठवत नाही," मीनल म्हणाली. "विचार ना बाबाले. ते तर तिथंच होते. त्याईलेही नाही आठवत."

ती मला साक्षीला बोलवत होती. आठ वर्षांनी, पुन्हा मलाच, तितक्याच भरवशानं. माझ्या तोंडून शब्द निघाले तेव्हा मीच दचकलो. मी ठरवलं नव्हतं. "तो नट मी सोडला होता," मी म्हणालो. "दुपारी. मी चढत होतो."

आधी ओवी बोलली. "एक मिनिट, एक मिनिट. आबा, तुम्ही चढत होते? भिंतीवर? बनियनवर?" आणि ती हसली, खरंच हसली, तिला ते चित्र दिसलं असणार. हसता हसता तिची नजर आईकडे गेली आणि हसू तिथेच विरलं.

मी सगळं सांगितलं. दुपारी, खांदा, लाइट, दोन-तीन आटे, झोप. शपथेचंही सांगितलं, की तुझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता आणि तो मोडला म्हणून तू पडलीस, असं मनात घर करून बसलं होतं.

"आबा, मी नट सैल होता म्हणून पडली," ओवी म्हणाली. "शपथेनं नाही पडली."

मीनलच्या हातात गाळणी तशीच होती. तिच्यातून चहा ओट्यावर ठिबकत होता. तिनं विचारलं, "खूण होती ना त्याच्याखाली?"

"होती."

"मी कसला होता."

"रविवारी कसला होता तू. मी बघत होतो."

ती खाली फरशीवर बसली. पाय दुमडून, लहान मुलगी बसते तशी. मग बोलली, तेव्हा आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगते आहे. "बाबा, मी रोज झोपताना तीनदा उठतो गॅस पाहाले. तुम्ही पाहिलं आहे. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातो अन् वापस येतो, लागलं का म्हणून. मुलांचे पेपर तपासतो अन् बेरीज पुन्हा दुसऱ्या मॅडमकडून करून घेतो. मले वाटे, मी अशीच आहे. केलं म्हणते अन् केलेलं नसते."

मी पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. एकदा तर मी गंमतीनं म्हणालो होतो, "किती वेळा पाहशील वं, गॅस काय पळून जाणार आहे?" आणि तीही हसली होती. एका घरात, एका छताखाली, आठ वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि त्याचा त्या चार शब्दांशी काही संबंध आहे, हे मला कधी सुचलंच नाही. मी ओवीच्या कोपराकडे बघायचं टाळत राहिलो. मोडलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते मला रोज वेळेवर चहा देत होतं.

"भाऊ गेले," मीनल म्हणाली. "दोन वर्षं झाली. जाताना मले म्हणे, सांभाळून राहजो माय, तुझा हात कच्चा आहे." मग ती उठली, ओटा पुसला आणि शाळेत निघून गेली. सुट्टी होती. शाळेत कोणी नव्हतं.

संध्याकाळी प्रशांतला मी स्वतः सांगितलं. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. तो एवढंच म्हणाला, "मी तिले काय काय बोललो, बाबा." आणि त्यांच्या खोलीच्या बंद दारापाशी जाऊन उभा राहिला. आत जायची त्याची हिंमत होत नव्हती.

पुढचे चार दिवस मीनल माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, वेळेवर वाढायची, पण "घ्या बाबा" म्हणायची नाही. त्या दोन शब्दांशिवाय वरण-भात घशाखाली उतरत नाही, हे मला शहात्तराव्या वर्षी कळलं. ओवी दोघांच्या मध्ये फिरायची. मला हळूच म्हणाली, "आबा, रागावली नाही ती. तिले समजून नाही राहिलं की आता कोणावर भरवसा ठेवू, तुमच्यावर की स्वतःवर."

पाचव्या दिवशी दुपारी ती माझ्या खोलीत आली. हातात मोबाइल होता. "मले सांगून झालं," ती म्हणाली. "आता तिथं सांगा, जिथं माझी मान खाली गेली. भाऊनं साऱ्या गावात सांगितलं होतं, आमच्या मीनलच्या हातून असं झालं म्हणून. भाऊले तर आता सांगता येत नाही. आईले सांगा." तिनं नंबर लावला, "आई, बाबा बोलतात, ऐक," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. स्वतः चौकटीला टेकून उभी राहिली.

माझ्या विहीणबाई ऐंशीच्या पुढच्या. कान कमी झालेत असं सगळे म्हणतात.

"रामराम, इहीणबाई."

"रामराम जी. बोला."

मी बोललो. एकही शब्द चुकू दिला नाही. पलीकडे कोंबडी ओरडल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "ऐकू नाही आलं जी. जोरानं सांगा."

मी पुन्हा सांगितलं, जवळजवळ ओरडून. शेजारच्या घराची खिडकी उघडल्याचं मला दिसलं. मग फोनमध्ये खडखड झाली आणि विहीणबाईंचा खणखणीत आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. "शांते! ए शांते! लीलाबाईलेही आण इकडे. अन् त्या पाटलाच्या सुनेले हाक मार. या वं, बसा इथं. आमच्या मीनलचे सासरे काही सांगून राहिले." बाजा-खाटा सरकल्याचे, बांगड्यांचे, पोरांना दटावल्याचे आवाज. कोणीतरी विचारलं, "काय झालं वं काकू?" आणि त्या म्हणाल्या, "चूप बस, ऐक."

तेव्हा मला कळलं की त्यांना पहिल्याच वेळी सगळं ऐकू आलं होतं.

"हं, इवाई," त्या म्हणाल्या. "फोन मोठा केला आहे. आता सांगा. पयल्यापासून."

मी मीनलकडे पाहिलं. ती नजर न हलवता उभी होती. मला सोडवायला ती पुढे येणार नव्हती, आणि तसं तिनं येऊही नये असं मला वाटलं. मी घसा साफ केला आणि जेवढा मोठा आवाज माझ्याकडे उरला आहे तेवढ्या आवाजात म्हणालो, "मीनलनं तो नट कसला होता. मी पाहिलं होतं."